सात दातांचा पिनियन

“हळू! चाक हाय ते, जातं नाय.”

गाडीच्या पोटाखालून अप्पारावचा आवाज आला तसा मुंजाबानं टायरवरचा हात काढून घेतला.

“मंग किती झालं?”

“तुझ्या घाईनं इसरलो. पुन्हा मार. दोन फेरे, पूर्ण.”

“इसरला म्हण की. म्हातारा झाला तू अप्पा.”

“तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान हाय मी. फिरव.”

मुंजाबानं पुन्हा दोन्ही हातांनी टायर धरलं. मागच्या ॲक्सलचं एक चाक जॅकवर उचललेलं, दुसरं जमिनीला टेकलेलं, गिअर न्यूट्रलमध्ये. वरचं चाक दोनदा पूर्ण फिरवायचं आणि तेवढ्यात मधला लांब शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं. ॲक्सलचं हौसिंग न खोलता आतला लहान पिनियन आणि त्यानं फिरणारं मोठं क्राउन-चाक यांच्या दातांचा हिशोब बाहेर कळतो. शाफ्टावर अप्पारावनं खडूची रेघ मारून ठेवली होती. ती रेघ तो डोळ्यांसमोरून जाताना मोजत होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पाठीखाली पोत्याचा तुकडा, नाकावर ग्रीस.

“सहा. आणि सातव्याला जरासा कमी,” तो म्हणाला. “सहा दातांचाच पिनियन हाय. एक्केचाळीसच्या क्राउनला सहाचा. कंपनीतून आला तोच.”

“हे तर मी चहा पिता पिता सांगितलं असतं. सतरा वर्षं झाली, माझ्या समोर कुणी ते हौसिंग खोललं नाय.”

“तू सांगशील अन् मी ऐकंल? मोजल्याबिगर मी माझ्या बापाचं बी ऐकलं नाय.”

चिकलठाण्याच्या अंगाला रामप्रसाद शेठच्या ट्रान्सपोर्टचं यार्ड आहे. अकरा गाड्या, एक पत्र्याचं गॅरेज, आणि त्या गॅरेजात अप्पाराव. इंजिन, गिअरपेटी आणि ॲक्सल यांची जोडी लावणं हे त्याचं काम. सोपं वाटतं. एका गाडीचं इंजिन काढून दुसरीत घालणं म्हणजे नटबोल्ट पिळणं, असं कॉलेजातून कोरे हात घेऊन येणाऱ्या पोरांना वाटतं आणि त्यांना लोक इंजिनियर म्हणतात. ज्यानं अडतीस वर्षं हात काळे केले त्याला मिस्त्री म्हणतात, आणि तेही त्याच्याकडून काम असेल तेव्हाच. इंजिनाला जोर असतो, पण तो जोर किती फेऱ्यांना निघतो ते प्रत्येकाचं वेगळं. गिअरपेटीला तो जोर सोसावा लागतो. ॲक्सलला तो चाकापर्यंत पोचवावा लागतो. तिघांचं जमलं नाही तर गाडी चालते, पण नीट संसार होत नाही.

मुंजाबाच्या दहाचाकी गाडीचं जुनं इंजिन गेल्या महिन्यात बीडच्या अलीकडे बसलं. ते ओरडून काम करणारं इंजिन होतं. भरपूर फेरे घ्यायचं तेव्हा कुठं ओढायचं. शेठनं एका अपघातातल्या गाडीचं नव्या बांधणीचं इंजिन उचलून आणलं. ते उलट्या स्वभावाचं. हळू फिरतानाच त्याचा सगळा जोर बाहेर पडतो आणि तेव्हाच ते डिझेल कमी पितं. जोरात फिरवलं तर फिरतं, पण पाण्यासारखं पितं. म्हणून त्या अपघातातल्या गाडीचा क्राउन-पिनियनचा संचही शेठनं सोबत उचलला होता. सात दातांचा पिनियन. तो बसवला की त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला इंजिन कमी फेरे घेणार. जोडी बरोबर लागणार.

हे अप्पारावला कळत होतं. या यार्डात तेवढं त्यालाच कळत होतं.

“तात्या, ऐका,” दुपारी शेठ यार्डात आला तेव्हा म्हणाला. तो मुंजाबाला तात्या म्हणायचा, आणि तात्या म्हणून झालं की हमखास काहीतरी वाईट सांगायचा. “नवं इंजिन बसलं की जळगावची एक ट्रिप तुम्हाला. माल भरून जायचं, माल भरून यायचं. टाकी तोंडापर्यंत भरून देतो, आल्यावर तोंडापर्यंत भरू. लिटरला चार किलोमीटर पडले तर गाडी तुमची, जवर तुमचे हातपाय चालतील तवर. नाही पडले तर सुदर्शनला देतो.”

“देतोय की मी चार,” मुंजाबा म्हणाला.

“जुन्याला साडेतीन बी देत नव्हते तुम्ही.”

“जुनं मरायला टेकलं होतं शेठ. मरायला टेकलेला माणूस कुठं कमी पाणी पितो?”

शेठ हसला. हसून त्यानं सुदर्शनला हाक मारली. तिशीतला पोरगा, कानात बटणं, नव्या गाडीवर ड्रायव्हर. “सुदर्शन, तात्याला तुझी गाडी दे जरा. यार्डात दोन चकरा मारू दे. नव्या इंजिनाची सवय होईल.”

मुंजाबा सुदर्शनच्या गाडीत चढला आणि तिथं सगळं बिघडलं.

मुंजाबाच्या गाडीचा इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर बारा वर्षांपूर्वी बंद पडला होता. त्याला त्याची कधी गरज पडली नाही. तो कानानं गाडी चालवायचा. इंजिन एका विशिष्ट सुराला पोचलं की गिअर वर, सूर खाली आला की गिअर खाली. सुदर्शनच्या गाडीचं इंजिन त्या सुराला पोचतच नव्हतं. मुंजाबा वाट बघत बसला, पाय दाबत राहिला, मग घाईनं गिअर टाकला आणि दातांवर दात घासल्याचा असा करकराट झाला की फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवरचे चार ड्रायव्हर उठून उभे राहिले.

“तात्या, गिअर डालो, गन्ना मत निचोडो!” सुदर्शन ओरडला. पोरं खिदळली.

दुसऱ्या चकरेला गाडी बंद पडली. तिसऱ्याला मुंजाबानं ती धडपणे उभी केली आणि खाली उतरला. तोही हसत होता. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होता. तीस वर्षांत अप्पारावनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. शेठनं घड्याळात पाहिलं आणि तो निघून गेला.

मग मुंजाबा चहाला बसला. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि बशी तशीच खाली ठेवून दिली.

अप्पाराव मुकुंदवाडीत एका खोलीत राहतो. स्टेशनच्या जवळ, जिथून रेल्वे गेली की फळीवरची घागर वाजते. बायको रूपा जाऊन सहा वर्षं झाली. पोरगा आकाश पुण्याला. तो रविवारी फोन करतो, “जेवले का?” विचारतो, “व्हय” म्हटलं की “बरं, ठेवू?” म्हणतो. चांगला पोरगा आहे. वाईट असता तर अप्पारावला निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. शेजारी सगळे नवे भाडेकरू, कंपनीत पाळ्या करणारे. त्यांना अप्पाराव म्हणजे सकाळी नळावर येणारा म्हातारा. आठवड्यात त्याच्याशी कामापलीकडचं बोलणारा माणूस एकच होता, आणि तो आठ-दहा दिवसांनी गाडी यार्डात लावून टायरांच्या ढिगावर येऊन बसायचा. “राम राम अप्पा.” “जय भीम मुंजाबा.” मग दोन तास. कुठल्या टोलनाक्यावर काय झालं, कुठल्या ढाब्याचा मालक मेला, कुठल्या रस्त्याला खड्डे बुजवले म्हणून सांगतात आणि बुजवलेले नसतात. अप्पाराव कधी सिल्लोडच्या पुढं गेला नव्हता, पण सुरत ते हैदराबादपर्यंतचे गतिरोधक त्याला पाठ होते.

गाडी गेली तर मुंजाबा गावी जाणार. फुलंब्रीच्या पुढं वाडीत. गावी गेलेला माणूस टायरांच्या ढिगावर कशाला येईल?

संध्याकाळी भाताचं पातेलं उतरवताना हा विचार अप्पारावच्या मनात आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला. सहाचा पिनियन तसाच ठेवला तर? रस्त्यावरचा वेग तोच, इंजिनाचे फेरे तेच. इंजिन नवं असलं तरी सूर जुन्याच जागी लागणार. मुंजाबाचा कान फसणार नाही, गिअर वाजणार नाहीत, घाटात गाडी बंद पडणार नाही. डिझेल जरा जास्त जाईल. पण इंजिन ताजं आहे, तेवढं ते सोसेल. चार पडतील. काठावर का होईना, पडतील.

अडतीस वर्षांत त्यानं मोजल्याशिवाय काही केलं नव्हतं. हे त्यानं मोजलं नाही. मोजलं असतं तर उत्तर आवडलं नसतं, हे त्याला आतून माहीत होतं. लोक म्हणतात, अडाणी माणूस चुका करतो. खोटं. अडाणी माणूस विचारतो. चूक करतो तो ज्याला सगळं येतं, पण त्या दिवशी उत्तर नको असतं.

सकाळी त्यानं शेठला फोन लावला.

“शेठ, सातच्या संचाचे दात खाल्लेत. अपघातात दणका बसला असंन. घातला तर महिन्यात ॲक्सल खराब करील.”

“मग?”

“जुनाच राहू देतो. चालंल.”

“तू म्हणतो तर चालंल,” शेठ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. अप्पारावच्या शब्दावर त्या यार्डात कुणी प्रश्न विचारत नव्हतं. ती त्याची आयुष्यभराची कमाई होती. त्यानं सातचा संच गोणपाटात गुंडाळला आणि ऑइलच्या रिकाम्या पिपांच्या मागं सरकवला.

बाकी सगळं मात्र त्यानं जीव लावून केलं. इंजिन आणि पेटी यांच्यामधल्या घंटेसारख्या झाकणाची भोकं जुळत नव्हती. त्यानं मध्ये बसणारी जाड पट्टी लेथवर करून घेतली. क्लचची प्लेट नव्या इंजिनाच्या जोराची, पण तिच्या मधल्या खाचा जुन्या पेटीच्या दांड्याच्या. त्यासाठी दोन प्लेटी तोडून एक केली. इंजिनाचे पाय चॅसीवर पुढंमागं करून, दोरी ताणून, शाफ्ट सरळ रेषेत आणला. चार दिवस लागले. मुंजाबा रोज येऊन पाना, जॅक, दिवा हातात देत होता आणि रोज म्हणत होता, “माझ्या पोरीच्या लग्नात एवढं काम कुणी केलं नाय.”

पाचव्या दिवशी इंजिन चालू झालं. मुंजाबा केबिनमध्ये बसला, गाडी यार्डाच्या बाहेर काढली, जालना रोडला लावली आणि अर्ध्या तासानं परत आला. खाली उतरून त्यानं अप्पारावच्या पाठीत एक रट्टा घातला.

“तशीच बोलती रे! जराशी घोगरी झाली, पण तशीच. तू जादूगार हायेस काय?”

“निघ तू. माल भर.”

“अप्पा, तुझ्यासाठी जळगावाहून भरताची वांगी आणतो.”

“मला एकट्याला किती वांगी लागतात?”

“मी हाय ना खायला.”

तो गेला तो तिसऱ्या दिवशी सकाळी परत आला. गाडी फाटकातून आत येताना अप्पारावनं कान दिला. एकही गिअर वाजला नाही. मुंजाबा खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे जागरणानं लाल होते आणि तोंड लग्नातल्या वरबापासारखं.

“अजिंठ्याचा घाट तिसऱ्यात चढलो. भरलेली गाडी! दुसरा लागलाच नाय. सुदर्शन, ऐकलं का?”

“मान गए तात्या,” सुदर्शन म्हणाला, आणि त्यात टवाळी नव्हती.

मग शेठ आला. टाकी भरायला घेतली. पंपवाल्यानं पोचवलेल्या पिपातून मोजून मोजून ओतत होते. साठ. सत्तर. ऐंशीला मुंजाबा वाकून टाकीच्या तोंडात बघू लागला. नव्वद. शंभर ओतलं तेव्हा डिझेल तोंडाला आलं.

“तीनशे वीस किलोमीटरला शंभर लिटर,” शेठ म्हणाला. “सव्वातीन बी नाही. तात्या, मी चार म्हणलो होतो.”

“घाटात हसत चढली शेठ.”

“हसत चढली अन् पिऊन उतरली. तुमचा पाय जड झालाय. मी काय म्हणतो, बास करा आता.”

मुंजाबानं टाकीचं झाकण लावलं. मग त्यानं खिशातून चावी काढली.

“जड झाला असंन,” तो म्हणाला. “कानाला तर सगळं बरोबर वाटत होतं. कानच गेला असंन. माणसाला आपलं म्हातारपण कळत नाय, दुसऱ्यालाच दिसतं.”

हे तो शेठला सांगत नव्हता. स्वतःला समजावत होता, आणि त्याला ते पटत चाललं होतं. अप्पाराव पान्यांच्या पेटीवर बसला होता. त्याला वाटलं होतं, गाडी गेली तर मुंजाबा चिडेल, शेठला शिव्या देईल, चार दिवस दारू पिईल. हे असं मान खाली घालून, आपलाच पाय आपल्या हातानं चाचपत उभं राहणं त्यानं धरलंच नव्हतं.

“पाय नाय शेठ,” तो उठून म्हणाला. “पिनियन.”

“काय?”

“सातचा बसवायचा होता. मी बसवला नाय.”

“दात खाल्ले म्हणला होता ना तू?”

अप्पाराव पिपांच्या मागं गेला. गोणपाट ओढून आणलं आणि शेठच्या पायाशी उलगडलं. सकाळच्या उन्हात ते दात आरशासारखे चमकले. शेठनं खाली बसून एकेका दातावरून बोट फिरवलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण खड्डा नाही एवढं आंधळ्यालाही कळलं असतं.

“खोटं बोलला तू मला?”

“व्हय.”

“कामून?”

अप्पारावनं मुंजाबाकडं न बघता सांगितलं. “त्या दिशी सुदर्शनच्या गाडीवर बघितलं मी. गिअर वाजू राहिले होते. पोरं हसू राहिली होती. मला वाटलं, आवाज बदलला तर त्याला जमायचं नाय. म्हणून आवाज तोच ठेवला.”

टपरीवरचे ड्रायव्हर ग्लास हातात घेऊन जवळ आले.

“वा,” शेठ म्हणाला. “दोन म्हातारे मिळून मलाच गिऱ्हाईक केलं.”

“त्याला ठावं नव्हतं. आईच्यान.”

“मग तर अजून चांगलं. मी त्याला एक ट्रिप दिली होती. ती बी तू घेतली त्याच्यापासून.”

शेठ खोटाच होता, पण बोलला ते खरं होतं. शेठला त्या ट्रिपशी काही देणंघेणं नव्हतं. मुंजाबाला काढायचं त्यानं आधीच ठरवलं होतं. नव्या इंजिनावर त्याला कमी पगाराचा, फोनवर रस्ता बघणारा, कधी उलट न बोलणारा पोरगा हवा होता. चार किलोमीटरची अट ही फक्त तोंडदेखली होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे चहा पीत होते. पण ती अट मुंजाबा पुरी करू शकला असता. ते दार अप्पारावनं लावलं होतं.

“सातचा बसवतो. दोन दिवसांत,” अप्पाराव म्हणाला. “फुकट बसवतो. त्याला आणखी एक ट्रिप द्या.”

“बसव. बसवायचाच आहे. पण सुदर्शन नेईल.” शेठनं मुंजाबापुढं हात केला. मुंजाबानं त्यावर चावी ठेवली.

केबिनमधून त्यानं आपलं सामान काढलं. एक घोंगडी, पाण्याचा ड्रम, तव्यासकट स्टोव्ह, आणि भरताच्या वांग्यांची पिशवी. पिशवी त्यानं अप्पारावच्या पान्यांच्या पेटीवर ठेवली. फाटकापर्यंत अप्पाराव त्याच्या मागं गेला.

“मुंजा.”

मुंजाबा थांबला.

“तुला खरंच वाटलं का, मला नवं इंजिन जमायचं नाय?”

मुंजाबानं घोंगडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“सात वर्षांचा होतो तवा बापानं दोनशे मेंढरं माझ्या हवाली केली. अंधारात, आवाजावरून सांगायचो, कोणतं लंगडतं, कोणतं व्यायला टेकलं, कोणतं दुसऱ्याच्या कळपातलं घुसलं. दोनशे आवाज. एक इंजिन बसलं नसतं का माझ्या कानात? पंधरा दिवस लागले असते. लई तर महिना. रस्त्यात चार जण हसले असते, हसू दे की.” त्याचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. “सुदर्शन हसला त्याचं काय नाय. पोरगं हाय ते. पण तू रं? इचारायचं तरी एक डाव.”

“तुझ्यासाठीच केलं मी.”

“माझ्यासाठी नाय केलं. मी गेल्यावर तुझ्याजवळ कोण बसंल म्हणून केलं.”

फुलंब्रीची काळीपिवळी जीप पुढच्या चौकात उभी राहते. घोंगडी खांद्यावर टाकून मुंजाबा तिकडं चालू लागला. वळून बघितलं नाही.

सातचा पिनियन अप्पारावनं दुसऱ्या दिवशी बसवला. दातांना निळा रंग लावला, हातानं फिरवला, ठसा दाताच्या बरोबर मध्यात येईपर्यंत पत्र्याच्या बारीक चकत्या बदलत राहिला. असा ठसा त्याला कधी लागला नव्हता. जॅकवर चाक दोनदा फिरवून शाफ्ट मोजला. सहाला जरा कमी. बरोबर. चाक यावेळी त्यानं स्वतःच फिरवलं, मग गाडीखाली सरकून रेघ बघितली, पुन्हा बाहेर येऊन फिरवलं. एका माणसाला त्या कामाला चौपट वेळ लागतो.

सुदर्शन जळगावची ट्रिप मारून आला. “मिस्त्री, क्या चलती है! चारच्या वर देती.” अप्पाराव म्हणाला, “दिली पाहिजे.” शेठनं त्याला काढलं नाही. काढून दुसरा आणायचा कुठून? पण आता प्रत्येक कामाला शेठ मोबाइलमध्ये फोटो मागायचा. दात दाखव. खाच दाखव. अप्पाराव फोटो काढून पाठवायचा.

वांगी त्यानं दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या भाडेकरूंना वाटून टाकली. तेव्हा त्यांनी त्याचं नाव विचारलं.

चौथ्या रविवारी आकाशचा फोन येऊन गेल्यावर त्यानं धुतलेला सदरा घातला आणि फुलंब्रीच्या बसमध्ये बसला. तिथून जीप, आणि फाट्यापासून वाडीपर्यंत पायी. दिवाळी होऊन गेली होती, रान अजून हिरवं होतं. काय बोलायचं ते त्यानं बसमध्ये जुळवलं, जीपमध्ये मोडलं, पायवाटेवर पुन्हा जुळवलं.

तीस वर्षांत तो या घरी तीनदा आला होता. एकदा मुंजाबाची आई वारली तेव्हा. एकदा पोरीच्या लग्नात. तेव्हा त्याला शेवटच्या पंगतीला बसवलं होतं आणि त्याच्या शेजारी गावातले त्याचेच भाऊबंद होते, दुसरं कुणी नव्हतं. एकदा गाडी फाट्यावर बंद पडली म्हणून रिपेरीला. तेव्हा चहा बाहेर ओट्यावर आला, वेगळ्या कपात, आणि पिऊन झाल्यावर त्यानंच तो विसळून पालथा घातला. मुंजाबानं ते पाहिलं होतं. दोघं त्यावर कधी बोलले नाहीत. यार्डात ते दोस्त होते. गावाच्या शिवेवर आलं की एक धनगराचा होता आणि एक बुद्धवाड्यातला, आणि दोस्तीला कुठं थांबायचं ते न सांगता कळत होतं. लोक याला जुनी गोष्ट म्हणतात. ज्यांना कप विसळावा लागत नाही त्यांना ती जुनी वाटते.

तो सवयीनं ओट्याच्या कडेला बसला. बानाबाई, मुंजाबाची बायको, पदरानं हात पुसत दारात आली.

“वहिनी, मुंजाबा हाय का?”

“मेंढरामागं गेलेत.” तिनं हातानं समोरची टेकडी दाखवली. “पुतण्याची मेंढरं. आता रोज तेच. आत या भाऊ.”

“मी इथंच बरा हाय. येईल तवर बसतो.”

“आत या म्हणते ना.” ती दारातून बाजूला झाली. “त्यांनी सांगून ठेवलंय. म्हणले, अप्पा येईल एखाद्या ऐतवारी. आला की आत घे, माझ्या ताटात वाढ, जेवल्याबिगर जाऊ देऊ नको.”

“अन् त्याला हाक?”

बानाबाईनं क्षणभर जमिनीकडं बघितलं. “म्हणले, मला बोलवायला कुणाला धाडू नको.”

अप्पाराव उठला. चपला काढल्या, पाय धुतले, उंबरा ओलांडला. आत गारवा होता. चुलीजवळ पोत्याची घडी अंथरलेली होती. बानाबाईनं पितळी ताट मांडलं, जड, कडेला मुंजाबाचं नाव टोचलेलं. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा, मेंढीच्या दुधाचं घट्ट दही. पाण्याचा तांब्या तिनं त्याच्या हातात दिला, खाली ठेवला नाही.

दारातून टेकडी दिसत होती. मेंढरं उतारावर पांगलेली आणि त्यांच्या वर एक माणूस, काठीवर दोन्ही हात टेकून, तोंड घराकडं करून उभा. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता.

अप्पारावनं भाकरीचा तुकडा मोडला.

“वाढू का अजून?”

“वाढा.”

त्याला भूक नव्हती. तरी त्यानं दुसरी भाकरी घेतली, आणि ती सावकाश, एकेक घास चावून खाल्ली. टेकडीवरचा माणूस हलला नाही. बानाबाई चुलीतली राख उगाच सारखी करत होती.

शेवटचा घास संपला. अप्पाराव ताट उचलायला वाकला तशी बानाबाईनं ते त्याच्या हातून काढून घेतलं.

“राहू द्या. मी घासते.”

हात धुऊन तो बाहेर ओट्यावर आला. टेकडीवर कुणी नव्हतं. मेंढरं पलीकडच्या अंगाला उतरत होती. शेवटची दोन-चार माथ्यावर दिसली, आणि मग तीही गेली.